वृद्धांचा औषधोपचार आणि सरकारी विमा : काय मिळते व काय मिळत नाही



आमचा धंदा धान्याच्या घाऊक व्यापाराचा आणि शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. वैद्यकशास्त्रावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांस नाही, याची पूर्ण जाणीव आहे. परंतु विमा हा मुळात हिशेबाचा विषय होय, आणि हिशेब वाचण्यात आमचे आयुष्य गेले आहे. घरच्या एका प्रसंगामुळे सरकारी आरोग्य विम्याचे नियम आम्हांस बारकाईने अभ्यासावे लागले. त्या अभ्यासाचा सारांश बांधवांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१. वहिनींचा प्रश्न

आमचे वडील बंधू, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, पेढीची रोकड वही अखेरपर्यंत स्वहस्ते लिहीत. प्रकृती धडधाकट, व्यसन कोणतेही नाही, रात्रीचे भोजन वर्ज्य. रक्तदाब एकदा मोजून घ्यावा असे कोणी सुचविले, की "मला काय धाड भरली आहे?" हे उत्तर ठरलेले. चार वर्षांपूर्वी एके सकाळी वही लिहिता लिहिता त्यांच्या हातून लेखणी गळाली व उजवे अंग लुळे पडले. शहरातील रुग्णालयात नेल्यावर कळले, की रक्तदाब कित्येक वर्षे वाढलेला असावा. प्राण वाचले, परंतु रुग्णालयाचा खर्च एका हंगामाच्या नफ्याहून अधिक झाला, आणि उजवा हात पूर्ववत झाला नाही.

पुढे सत्तर वर्षांवरील सर्वांना सरकारी विमा मिळणार, अशी वार्ता आली. तेव्हा वहिनींनी आम्हांस विचारले, "भाऊजी, मग आता यांच्या रोजच्या गोळ्या त्या कार्डावर मिळतील का?" प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर आम्हांस देता येईना. तेथून हा अभ्यास सुरू झाला.

२. हा विमा खाटेचा आहे

केंद्र सरकारची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथे सुरू झाली. प्रारंभी ती निवडक गरीब कुटुंबांसाठी होती. ११ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांस, उत्पन्नाची अट न ठेवता, तीत समाविष्ट करण्याचे ठरविले, आणि २९ ऑक्टोबर २०२४ रोजी, धन्वंतरी जयंतीस, 'आयुष्मान वय वंदना' कार्डाचा आरंभ झाला. कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार हे तिचे स्वरूप आहे. पती-पत्नी दोघेही सत्तरीवरचे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून समजावी. कुटुंब आधीच योजनेत असेल तर वृद्धांसाठी निराळे ५ लाख मिळतात, व त्यांत घरच्या तरुणांचा वाटा नसतो. आधी जडलेले आजारही पहिल्या दिवसापासून धरले जातात. खासगी विमा असणाऱ्यासही हे कार्ड काढता येते. वय आधार कार्डावरून धरले जाते. म्हणून त्यावरील जन्मतारीख चुकीची असल्यास ती अगोदरच दुरुस्त करून घ्यावी.

आता मुख्य मुद्दा. या योजनेचा पैसा रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी परतल्यानंतरचे १५ दिवस, एवढ्या काळातील तपासण्या व औषधे तीत येतात. रक्तशुद्धीकरण किंवा कर्करोगाची औषधे शिरेतून देणे यांसारखे एका दिवसात आटोपणारे काही उपचारही येतात. परंतु दवाखान्यात जाऊन नाडी दाखविणे, रक्त तपासणे, गोळ्या लिहून आणणे, ज्यास बाह्यरुग्ण सेवा म्हणतात, ती या विम्यात नाही. सोळाव्या दिवसापासून अण्णांची गोळी ही घरखर्चाचीच बाब ठरते. वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे आहे.

आमच्या राज्यातील व्यवस्थाही ध्यानात घ्यावी. मार्च २०१८ मध्ये सुरू झालेली आरोग्य कर्नाटक योजना त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर केंद्राच्या योजनेशी जोडली गेली. तीत शिधापत्रिकेनुसार पात्र कुटुंबास ५ लाखांपर्यंत, तर इतरांस (व आपल्यापैकी बहुतेक व्यापारी या 'इतरां'तच मोडतात) ठरलेल्या दराच्या ३० टक्के, वर्षास दीड लाखापर्यंत, असे साहाय्य ठेवण्यात आले. तातडीचा प्रसंग सोडल्यास प्रथम सरकारी रुग्णालयात जावे, आणि तेथे तो उपचार नसेल तर तेथील पत्र घेऊन मोठ्या रुग्णालयात जावे, असा तिचा क्रम आहे. ज्याने सरकारी दवाखान्याची पायरी कधी चढली नाही, त्यास ऐन वेळी हा क्रम अवघड जातो.

सीमाभागातील आमच्यासारख्यांची आणखी एक अडचण आहे. सदलग्याचा रुग्ण पूर्वापार मिरज, कोल्हापूर किंवा बेळगाव गाठतो. केंद्राचे कार्ड परराज्यातील संलग्न रुग्णालयातही चालते. मात्र ते रुग्णालय संलग्न आहे काय, आणि त्या आजारासाठी आहे काय, हे १४५५५ या क्रमांकावर आधी विचारून घ्यावे. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली आपली महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांस लागू करण्याचे ठरविले व कर्नाटक शासनाने त्यास आक्षेप घेतला, हे सर्वश्रुत आहे. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. ती योजनाही प्रामुख्याने रुग्णालयातील उपचारांचीच आहे, एवढेच नमूद करतो.

३. इतर देशांनी हा प्रश्न कसा सोडविला

अमेरिकेत वृद्धांच्या सरकारी विम्याचा कायदा ३० जुलै १९६५ रोजी झाला. ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी त्यात आरंभापासून दोन भाग ठेवले. पहिला रुग्णालयाचा, आणि दुसरा डॉक्टरांच्या भेटींचा व बाह्यरुग्ण सेवेचा. दुसऱ्या भागासाठी प्रारंभी दरमहा ३ डॉलर वर्गणी होती. आज ती पुष्कळ वाढली आहे. शिवाय वर्षारंभीचा ठराविक खर्च सोसल्यानंतरही साधारणतः पाचवा हिस्सा रुग्णासच द्यावा लागतो. विशेष हे, की रोग होऊ नये म्हणून करावयाच्या तपासण्या त्या कायद्यात प्रथम नव्हत्याच. १९८१ साली न्यूमोनियाप्रतिबंधक लस आली, मग एकेक तपासणी समाविष्ट होत गेली, आणि २०१० च्या कायद्यानंतर २०११ पासून वार्षिक आरोग्यभेट विनामूल्य झाली. म्हणजे एवढ्या श्रीमंत राष्ट्रासही ही गोष्ट पदरात पाडून घेण्यास पंचेचाळीस वर्षे लागली.

जपानने १९७३ साली सत्तर वर्षांवरील वृद्धांचे उपचार विनामूल्य केले. रुग्णालये भरून गेली व खर्च आवरेना. तेव्हा १९८२ साली नवा कायदा करून रुग्णाकडून अल्प रक्कम घेण्यास आरंभ केला, आणि त्याच कायद्याने चाळिशीपासून आरोग्य तपासणीची व्यवस्था लावली. म्हातारपणाचा खर्च आवरावयाचा तर तपासणी चाळिशीतच झाली पाहिजे, हे त्यांनी अनुभवाने ओळखले.

आपल्या देशातही हा विचार नवीन नाही. भोर समितीने १९४६ च्या अहवालात रोगप्रतिबंध व रोगनिवारण ही एकाच यंत्रणेची कामे मानावीत, असे सांगितले होते. कामगार राज्य विमा योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. तीत बाह्यरुग्ण सेवा व औषधे पहिल्यापासून आहेत. निदान पाच वर्षे विमेदार राहून वयोमानाने निवृत्त झालेल्या कामगारास, वर्षाला १२० रुपये भरून, स्वतःसाठी व पत्नीसाठी ती वैद्यकीय सेवा पुढे चालू ठेवण्याची सोय नियमांत केलेली आहे. इचलकरंजीच्या गिरण्यांत किंवा कारखान्यांत आयुष्य घालविलेले वडीलधारे ज्यांच्या घरी असतील, त्यांनी याची चौकशी अवश्य करावी.

४. मग गोळी कोठे मिळेल?

२०१८ च्या 'आयुष्मान भारत' कार्यक्रमास दोन बाहू होते. विम्याचा बाहू सर्वांस ठाऊक झाला. दुसरा बाहू त्याच्याही आधी, १४ एप्रिल २०१८ रोजी, छत्तीसगडमधील बिजापूर जिल्ह्यात (आमच्या शेजारचे विजापूर नव्हे) जांगला येथे सुरू झाला होता. उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे यांना आरोग्य व निरामयता केंद्रांचे रूप देण्याचे हे काम होय. २०२३ मध्ये त्यांस 'आयुष्मान आरोग्य मंदिर' असे नाव मिळाले. तेथे तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाचा कर्करोग यांसाठी, व स्त्रियांची स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी, विनामूल्य तपासणी करावी व ठरावीक औषधे विनामूल्य द्यावीत, अशी योजना आहे. त्यासाठी कोणतेही विम्याचे कार्ड लागत नाही. कर्नाटक शासनाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कोलार जिल्ह्यातून 'गृह आरोग्य' योजना सुरू केली. तिचा उद्देश याच तपासण्या घरोघर नेण्याचा आहे.

बाहेरून औषध घेणाऱ्यांसाठी जनऔषधी केंद्रे आहेत. पहिले केंद्र नोव्हेंबर २००८ मध्ये अमृतसर येथे उघडले. तेथील औषधे नामांकित छापाच्या औषधांपेक्षा निम्म्याहूनही कमी किमतीस मिळतात. अण्णांच्या गोळ्या आता आम्ही डॉक्टरांच्या संमतीने तेथूनच आणतो, व महिन्याचा तो खर्च पेढीवरील चहाच्या खर्चाहून कमी येतो.

व्यापाऱ्यास आणखी एक गोष्ट उपयोगी आहे. वैद्यकीय विमा नसलेल्या, साठ वर्षांवरील आईवडिलांच्या औषधोपचाराचा वर्षाला ५० हजार रुपयांपर्यंतचा खर्च उत्पन्नातून वजा करण्याची तरतूद २०१८-१९ या वर्षापासून आयकर कायद्यात झाली. त्याच मर्यादेत ५ हजारांपर्यंत प्रतिबंधक तपासणीचा खर्च धरला गेला. ही सवलत जुनी करपद्धती निवडणाऱ्यासच मिळते. तपासणीचा खर्च वगळता बाकीची रक्कम रोखीने दिल्यास ती मिळत नाही, हे ध्यानात ठेवून पावत्या जपाव्यात.

५. गोदामाचा दृष्टांत

गोदामाचा आगीचा विमा आपण दरसाल उतरवितो. आग लागली तर भरपाई मिळते. परंतु थप्पीच्या तळाशी ओल येऊन पोती तापली, किंवा ज्वारीस सोंडे लागले, तर विमा कंपनी विचारीत नाही. त्यासाठी आपणच फळ्या अंथरतो, थप्पी भिंतीपासून दूर लावतो, पंधरा दिवसांनी पोत्यात सळई खुपसून मूठभर दाणे हातावर घेतो. वरून पोते चांगले दिसते म्हणून आत कीड नाही, असे कोणताही शहाणा व्यापारी मानणार नाही.

रक्तदाबाचे नेमके असेच आहे. तो दुखत नाही, खुपत नाही. रक्तवाहिन्यांच्या भिंती वर्षानुवर्षे झिजवितो, आणि एके दिवशी मेंदूत, हृदयात किंवा मूत्रपिंडात घात करतो. सरकारी विमा हा आगीचा विमा आहे. सोंडे पाहणे आपल्याकडे आहे. आम्ही चाळीस वर्षे परक्याच्या पोत्यातील दाणा पाहिला. शेजारच्या गादीवर बसलेल्या सख्ख्या भावाचा दंड कधी पाहिला नाही. हा दोष आमचा स्वतःचाच आहे, आणि तो मनास सलतो.

अण्णांच्या आजारानंतर आम्हीही सरकारी दवाखान्यात गेलो. पट्टा बांधला, आकडा निघाला १६० वर १००. आठ दिवसांनी पुन्हा मोजला, तरी तेवढाच. आम्हांसही काहीच होत नव्हते. आता रोज एक गोळी घेतो.

६. प्रत्येक घराने करावयाच्या गोष्टी

पहिली : घरातील तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब वर्षातून एकदा तरी मोजावा. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा घेऊ नये, पाच मिनिटे शांत बसावे, हात हृदयाच्या पातळीत ठेवावा. १४० वर ९० किंवा अधिक आकडा आला तर घाबरून न जाता दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावा व डॉक्टरांस दाखवावा. उपाशीपोटी रक्तातील साखर १२६ किंवा अधिक आल्यासही तसेच करावे.

दुसरी : आकडा उतरला म्हणून गोळी आपल्या मनाने सोडू नये. तो गोळीमुळेच उतरलेला असतो.

तिसरी : पर्वकाळात उपवास करणाऱ्या मधुमेही वडीलधाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गोळी किंवा इन्सुलिन चालू असता पोट रिकामे राहिल्यास साखर एकाएकी उतरते व शुद्ध हरपते. पापड, लोणची, सांडगे यांचे मीठही हिशेबात धरावे. दिवसाकाठी ५ ग्रॅमहून कमी मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

चौथी : सत्तरी गाठलेल्यांचे कार्ड धडधाकट असतानाच काढून ठेवावे. खोकला, ताप यांसाठी ते चालेल, या भ्रमात मात्र राहू नये.

पाचवी, व ही आपल्या संघासाठी : आपल्या पेढ्यांवर हमाल आहेत, तोलार आहेत, गाडीवान आहेत. महिन्यातून एका बाजारच्या दिवशी आरोग्य केंद्रातील परिचारिकेस विनंती करून मालक व मजूर यांचा रक्तदाब एकाच बाकावर मोजला जावा, व त्याची एक वही ठेवावी. आपल्या धर्मात चार दानांत औषधदान सांगितले आहे. आम्हांस वाटते, रोग होण्याआधी तो ओळखून देणे हेही त्याच दानात मोडते.

गेल्या पाडव्यास नव्या वहीच्या पहिल्या पानावरील 'श्री' अण्णांनी डाव्या हाताने काढला. अक्षर थोडे वाकडे आले. वहिनींनी त्यावर कुंकू वाहिले. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे. हा लेख वाचून एकाही घरात कोणी उठून आपल्या वडील माणसास दवाखान्यात घेऊन गेले, तर आमचे लिहिणे कारणी लागले असे समजू.