गंगावनाची पेटी: सूनबाईसाठी कानमंत्र

सूनबाई, ही पेटी आता तू सांभाळायची. तीत गंगावन आहे, अंबाड्यावरची राखडी आणि फुलं आहेत, आणि लंडनच्या नणंदबाईंनी दिलेला केसांचा ब्रूच. सोन्याची काळजी कुणीही घेतं. इथं सोन्याच्या जोडीला केस, दोरा, लाख, मोती आणि डिंक आहे. त्यातलं सगळ्यात नाजूक काय ते बघायचं आणि त्याच्या बेतानं बाकीचं वागवायचं.

आधी गंगावन कशाचं आहे ते ओळख. आपसूक गळालेला एकच केस चिमट्यात धरून दिव्यावर ने. खरा केस चुरचुरत जळतो, पीस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटानं चुरते. नायलॉनचा असला तर वितळून टणक गोळी होते. जुनी गंगावनं वनगाईच्या शेपटीच्या केसांचीही असत. ते केस जाड नि राठ लागतात. माणसाचे असोत की वनगाईचे, सांभाळ सारखाच.

राखडी आणि फुलं गंगावनात खोचलेली ठेवू नकोस. आकडे बहुतेक पितळेचे असतात. दमटपणात त्यांना हिरवा कळंक चढतो आणि केसांवर डाग पडतो. सगळं सुटं कर. गंगावनाला घडी घालायची नाही, तिथंच केस मोडतात. सैल वेटोळं करून धुतलेल्या, बिनखळीच्या, पांढऱ्या सुती कापडात ठेव. प्लॅस्टिकची पिशवी नको; आतला दमटपणा आतच राहतो.

वापरात होतं तोवर आम्ही गंगावन रिठ्यानं धुवायचो. आता धुवायचं नाही. मूठ बांधलेला दोरा जुना झालाय, भिजला की आटेल नाहीतर तुटेल. धूळ मऊ कोरड्या ब्रशनं झाड, मुठीकडून टोकाकडं. तेलाचं बोट लावशील तर तेल खवट होईल आणि धूळ धरून बसेल.

पोकळ सोन्यात लाख भरलेली असते. आपल्या श्रीपुरात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, म्हणून पेटी पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा उन्हाच्या भिंतीला लागून ठेवू नकोस. लाख मऊ पडली की फुलाचा आकार बसतो. मोत्याला चिंच, लिंबू, अत्तर काही लागू द्यायचं नाही. कोरड्या मऊ कापडानं पुसलं की पुरे.

दसऱ्याच्या आवराआवरीत पेटी उघडायची, पण घरातच, सावलीत. उन्हानं केसाचा रंग उडतो. आणि ऊसतोड सुरू झाल्यावर कुणी पाचट पेटवलं तर काळी राख अंगणभर उडते.

खाली पांढरं कापड अंथर आणि गंगावन त्यावर हलकेच झटक. भुशासारखे केसांचे तुकडे पडले, किंवा तपकिरी, केसाळ, पोकळ कात दिसली, तर कसर लागली समज. लोकर खाणारी कीड केसही खाते. मग फक्त गंगावन, धातू किंवा मोती नसलेलं, कापडात गुंडाळून पिशवीत हवाबंद कर आणि फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेव. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच राहू दे. लगेच उघडलीस तर केसांवर दव धरेल. एरवी वेखंडाची पुरचुंडी पेटीच्या कोपऱ्यात ठेव, केसांना टेकू देऊ नकोस.

आता ब्रूच. गेलेल्या माणसाच्या केसांचे दागिने घालायची रीत विलायतेत आधीपासून होती. 1861 मध्ये राणी व्हिक्टोरियाचा नवरा अल्बर्ट गेला, ती जन्मभर काळ्या कपड्यांत राहिली आणि त्या रीतीला आणखी जोर आला. आपल्यात गेलेल्याचे केस कुणी घरात ठेवत नाही, म्हणून तुला तो अंगावर घालवत नसेल तर नको घालूस. पण काचेवर ओला फडका फिरवू नकोस. कडेनं थेंबभर पाणी आत गेलं तर डिंक सुटतो आणि विणलेली नक्षी विसकटते. कोरड्या कापडानं काच पूस, पुसताना दाबू नकोस. काच सैल झाली असेल तर घरातला गोंद लावायचा नाही, जाणकाराला दाखव.

सोनाराकडं उजाळ्याला देताना केस, मोती, लाख असलेलं काही त्याच्या हाती नुसतं सोपवू नकोस. आगीत किंवा तेजाबात घालायचं नाही, हे समोर उभं राहून सांग. माळ ओवायची असेल तर पटवेकऱ्याकडं जा आणि जुना दोरा, गोंडा परत माग. पुढं कुणाला तशीच ओवायची झाली तर नमुना लागतो.

कुणी हत्तीच्या केसाची अंगठी विकायला आणली तर घेऊ नकोस. वन्यजीव संरक्षणाचा 1972 चा कायदा आहे.

शेवटी, प्रत्येक कापडाला चिठ्ठी बांध. पेन्सिलीनं लिही, शाई ओलीला पसरते. वस्तू कुणाची, कुणाच्या लग्नातली, केस कुणाचे, दुरुस्ती कधी केली, एवढं पुरे. जे ठाऊक नाही ती जागा कोरी सोड. ऐकीव गोष्ट एकदा चिठ्ठीवर चढली की पुढचे ती खरीच धरतात.