भाताचा गोळा आणि गुरुत्वाकर्षण

वर्षाच्या मुलाला जेवताना तुम्ही नीट पाहिले आहे काय?

वणीला आमच्या घरी धाकट्या भावाच्या मुलीला बाजेवर बसवून वरणभात दिला. दोन घास पोटात गेले. तिसरा तिने मुठीत दाबला, बोटांच्या फटींतून निघालेला लगदा निरखला, मग हात बाजेबाहेर नेऊन मूठ उघडली आणि वाकून खाली पाहिले. आजीने तिचे दोन्ही हात धरले. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या आजीला सांडलेले शीत कसे सहन व्हावे?

बाज ४५ सें.मी. उंच धरली तर गोळा सुमारे ०.३ सेकंदात जमिनीवर पोचतो. लहान असो वा मोठा. हे तुम्ही सूत्राने काढाल. तिला मात्र वस्तू दर वेळी खालीच जाते, हेच अजून पडताळून पाहायचे आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांचा मुलगा दहा महिन्यांचा असताना पावाचा तुकडा पुन्हापुन्हा सोडून देई. दुसऱ्या दिवशी त्याने हात निरनिराळ्या दिशांना लांबवून खेळणी टाकली. वडिलांनी हे टिपून ठेवले आणि १९३६ साली प्रसिद्ध केले.

चिवडण्याचे कारण वेगळे आहे. चेंडू कुठेही ठेवा, गोलच राहतो. वरण मात्र वाटीत वाटीसारखे, ताटात पसरट. आकारावरून ते ओळखता येत नाही. हात घालावा लागतो. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात सोळा महिन्यांच्या मुलांना खीर, रस, सूप असे पातळ पदार्थ नवीच नावे सांगून दिले. ज्यांनी ते अधिक हाताळले आणि चाखले, त्यांनी आकार बदलल्यावरही पदार्थ अधिक अचूक ओळखले. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला.

मग आजीचे काय? आम्ही तोड काढली. ताटलीत एका वेळी दोनच चमचे भात, खाली धुतलेले जुने धोतर. खाणे थांबून नुसती फेकाफेक सुरू झाली की पोट भरले असे समजून, न रागावता ताटली उचलायची. (बोरन्हाणात हीच मंडळी तिच्या डोक्यावर बोरे आणि मुरमुरे ओततात, तेव्हा कोणी ओरडत नाही!) बोरे, शेंगदाणे, फुटाणे मात्र तिच्या हाती लागू देऊ नयेत, श्वासनलिकेत अडकतात. जेवताना जवळ मोठे माणूस हवेच.

तुमच्या घरी असे भावंड असेल तर आठवडाभर वहीत नोंद करा: घास टाकल्यावर ते आधी जमिनीकडे पाहते की तुमच्या तोंडाकडे?