यंत्र आणि मनाचा आधार

मानसोपचारात संगणकाचा उपयोग करण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील जोसेफ वायझेनबाम यांनी १९६६ साली ‘एलायझा’ ही संवाद करणारी आज्ञावली प्रसिद्ध केली. बोलणाऱ्याचेच शब्द प्रश्नरूपाने परतविण्यापलीकडे तिला काही कळत नव्हते. तरीही लोक तिच्यापाशी मन मोकळे करू लागले. वायझेनबाम अस्वस्थ झाले. जेथे सहानुभूती हवी तेथे माणसाची जागा यंत्राला देऊ नये, असे त्यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात प्रतिपादिले.

पुढील संशोधनाने या प्रश्नाचे स्वरूप अधिक स्पष्ट केले. नैराश्य व चिंता यांवर, विचार आणि वर्तन यांना वळण लावणारे उपचार संगणकाद्वारे देता येतात व त्यांचा गुणही येतो. परंतु मार्गदर्शकाची सोबत नसल्यास अनेक जण ते अर्ध्यावरच सोडतात, असे आढळून आले.

भारतात २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार, विकारपरत्वे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित होते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेत १४४१६ या क्रमांकावर प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. येथे यंत्र अंतर मिटविते. आधार मात्र माणूसच देतो.