शॉकअप वजन उचलतो का?

बारावीची अवमंदित दोलने शिकवताना मुलांना हे विचारून पाहा: कार खाली बसवलेली आहे, तिला मागे ट्रॉली जोडून यवतमाळ ते वणी न्यायची आहे, शॉकअप कोणता घ्यावा? वर्ग म्हणेल, "एकदम कडक!" इथेच चुकतं.

वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअप फक्त तिचे हेलकावे थांबवतो. त्यातला दट्ट्या तेलातून सरकतो, तेल बारीक छिद्रांतून जातं आणि हालचालीची ऊर्जा उष्णता होते. खड्ड्यांच्या रस्त्यावरून आल्यावर शॉकअप तापतो तो म्हणूनच.

खाली बसवलेल्या गाडीत चाकाला वर सरकायला जागा आधीच कमी. हूकवर भार आला की मागचा भाग आणखी दबतो आणि मूळ लांबीचा शॉकअप तळाला आपटतो. म्हणून आधी भाराची स्प्रिंग, मग त्या उंचीचा, तिला जुळणारा आखूड शॉकअप. फार कडक घेतला, तर रिकामी गाडी उड्या मारते. (मूळ बनावटीत बदल करण्याआधी मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाचाच.)

वर्गात स्प्रिंगला दगड टांगा. आधी हवेत, मग दगड बादलीतल्या पाण्यात बुडवून झुलवा. हेलकावे मुलांनाच मोजू द्या.