पेशीतली घंटागाडी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. प्रोजेक्टवाले आम्ही सात-आठ जण हॉस्टेलवरच होतो. मेसमध्ये खरकट्याचा ड्रम गेटपर्यंत नेणारा मुलगा गावी गेलेला. घंटागाडी रोज वेळेवर येत होती, घंटा वाजवत होती आणि रिकामीच पुढे जात होती! पहिल्या दिवशी कुणाला काही जाणवलं नाही. दुसऱ्या दिवशी माश्या. चौथ्या दिवशी मेसचे मामा कमरेवर हात ठेवून म्हणाले, "पोरांनो, हा ड्रम तरी हलवा, नाहीतर मी चूल पेटवत नाही."

आता तुम्ही म्हणाल, मेकॅनिकलचा मुलगा कॉलेजच्या अंकात कचऱ्यावर काय लिहितोय? पण कचरा न उचलला गेल्याने नुसता वास येत नाही, स्वयंपाकच बंद पडतो, हे त्या दिवशी पाहिलं आणि आजोबांच्या आजाराबद्दल वाचलेलं सगळं एकदम डोक्यात बसलं. बारावीला बायो सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलेला मी, त्यामुळे जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

आजोबा सिन्नरला असतात. आयुष्यभर टर्नर म्हणून काम केलं. हिशेबाची वही लिहायचे, अक्षर अगदी छापल्यासारखं. चार वर्षांपूर्वी ते अक्षर बारीक व्हायला लागलं. ओळीची सुरुवात ठीक, शेवटाला मुंग्या. आम्ही म्हटलं, वय झालं. मग बँकेतून सही जुळत नाही म्हणून स्लिप परत आली. चालताना उजवा हात हलेना, बोटं मात्र जपमाळ ओढल्यासारखी सारखी हलायची. नाशिकला डॉक्टरांना दाखवलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बाबा, वास येतो का तुम्हाला?" आजीला तेव्हा आठवलं, कितीतरी वर्षांपूर्वी गॅसवर दूध करपून घरभर धूर झाला होता आणि शेजारच्या खोलीतल्या आजोबांना पत्ताही नव्हता. पार्किन्सन्सची सुरुवात अशी आडून होते. हात थरथरू लागेपर्यंत मेंदूच्या त्या भागातल्या डोपामाइन बनवणाऱ्या जवळपास निम्म्या पेशी गेलेल्या असतात, असं डॉक्टर म्हणाले.

हा आजार आपल्याकडे नवा नाही. मुंबईच्या पारशी वस्तीत घरोघर जाऊन केलेली एक पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली, त्यात लाखामागे ३२८ रुग्ण निघाले होते (पारशी समाजात म्हाताऱ्या माणसांचं प्रमाण जास्त, हेही ध्यानात घ्यायला हवं).

पण पेशी मरतात कशाने? पार्किन्सन्समध्ये पेशींत गोळे सापडतात. फ्रेडरिक लेवी यांनी १९१२ साली त्यांचं वर्णन केलं आणि ते मुख्यतः अल्फा-सायन्युक्लिन नावाच्या प्रथिनाचे असतात हे १९९७ मध्ये कळलं. अल्झायमरमध्ये अमायलॉइड आणि टाऊ, हंटिंग्टनमध्ये हंटिंग्टिन. आजार वेगवेगळे, पण प्रत्येकात कुठलं तरी प्रथिन चुकीची घडी पडून साठत जातं. पवईला आयआयटीत समीर माजी यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवलं की अल्फा-सायन्युक्लिनचे आधी पाण्यातल्या तेलासारखे द्रव थेंब होतात, ते हळूहळू दाट होतात आणि त्यातून घट्ट धागे तयार होतात. आपण मटेरियल सायन्सला आयर्न-कार्बन डायग्रॅम घोकतो ना, तसंच हेही फेजचंच प्रकरण! हे वाचल्यावर मला उगाचच बरं वाटलं, म्हणजे आपलाही या विषयाशी काहीतरी संबंध आहे.

आता घंटागाडी. पेशी स्वतःचा कचरा स्वतः उचलते, त्याला ऑटोफॅजी म्हणतात, म्हणजे स्वतःलाच खाणे. हे नाव १९६३ साली क्रिस्टियान द ड्यूव यांनी दिलं. खराब प्रथिनं, मोडके भाग यांच्याभोवती दुहेरी पडद्याचा एक तुकडा वाढत जातो आणि मिटून त्याची पिशवी होते. ती पिशवी लायसोझोमला जाऊन मिळते. तिथे आम्ल असतं, कापाकापी करणारी एन्झाइम्स असतात. सुटे झालेले भाग पेशी पुन्हा वापरते. म्हणजे घंटागाडी, पाथर्डीचा खतप्रकल्प आणि भंगारवाला, तिन्ही एकाच खात्यात.

हे चालतं कसं ते शोधलं जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी. १९८८ मध्ये वयाच्या ४३ व्या वर्षी त्यांना स्वतःची छोटी प्रयोगशाळा मिळाली. अभ्यासाला त्यांनी घेतलं यीस्ट, तेच जे पावात असतं आणि आपल्या नाशिकच्या द्राक्षांची वाइन करतं. यीस्टमध्ये लायसोझोमच्या जागी मोठी पोकळी असते, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसते. अडचण अशी की आत आलेला माल लगेच विरघळतो, दिसणार काय? ओसुमींची युक्ती मात्र अस्सल वर्कशॉपवाल्याची आहे. प्रवाह दिसत नाही ना, मग आउटलेट बंद करा! कापणारी एन्झाइम्स नसलेलं यीस्ट घेतलं, त्याला उपाशी ठेवलं, काही तासांत पोकळी बारीक पिशव्यांनी गच्च भरली. हे १९९२ साली छापून आलं. मग हजारो बिघडवलेल्या यीस्टमधून पिशव्या न दिसणारे शोधत बसले आणि १९९३ पर्यंत १५ जीन्स हाती लागले. २०१६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

मेंदूशी याचा संबंध २००६ साली पक्का झाला. जपानमधल्या दोन गटांनी उंदरांच्या फक्त मज्जापेशींमधून ऑटोफॅजीचा एकेक जीन काढून टाकला. रोगाचा जीन घातला नाही, विष दिलं नाही. तरी उंदरांचा तोल जायला लागला, पेशींत गोळे साठले आणि पेशी मेल्या. कातडीच्या पेशींचं बरं असतं, त्या विभागतात आणि कचरा निम्मा-निम्मा वाटला जातो. मज्जापेशी विभागत नाही, जन्मभर तोच संसार. शिवाय ती लांब. कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत जाणारी तर मीटरभर असू शकते. टोकाला भरलेली पिशवी एवढं अंतर कापून मूळ पेशीपर्यंत आणावी लागते.

आणि इथून पुढचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बिघाड सगळीकडे एकाच जागी नसतो. २००५ मध्ये अल्झायमर झालेल्यांचे मेंदू पाहिले तेव्हा न विरघळलेल्या पिशव्यांची रांग लागलेली दिसली, म्हणजे गाड्या भरल्या पण डेपो तुंबला. हंटिंग्टनमध्ये २०१० ला आढळलं की पिशव्या होतात, फिरतात, पण रिकाम्याच! आपल्या दिवाळीच्या ड्रमसारखं, गाडी येते आणि माल चढत नाही. पार्किन्सन्सच्या काही घराण्यांत पिंक-१ आणि पार्किन हे जीन बिघडलेले असतात. त्यांचं काम बंद पडलेल्या मायटोकॉन्ड्रियावर 'भंगार' अशी चिठ्ठी लावायचं. पार्किन नेमकं खराब मायटोकॉन्ड्रियावरच जाऊन बसतं हे २००८ साली दिसलं. चिठ्ठीच नाही तर उचलणार कोण?

म्हणून "ऑटोफॅजी वाढवा, आजार पळवा" हे ऐकायला छान, पण डेपो तुंबलेला असताना आणखी गाड्या पाठवून काय होणार? रॅपामायसिन नावाच्या औषधाने ऑटोफॅजी वाढते. ईस्टर बेटाच्या मातीतून ते वेगळं काढणाऱ्यांत सुरेन सेहगल हे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ होते. कंपनीने ते काम थांबवलं तेव्हा त्यांनी जंतू घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवले होते. २००४ मध्ये हंटिंग्टनच्या माश्या आणि उंदरांवर या औषधाचा फायदा दिसला. पण ते प्रतिकारशक्ती दाबतं, किडनी बदललेल्यांना देतात ते याचसाठी. बंगळूरला रवी मंजिठाया यांच्या गटाने २०१७ मध्ये सिक्स-बायो नावाचं रसायन यीस्ट आणि उंदरांत तपासलं, साठलेलं अल्फा-सायन्युक्लिन कमी झालं. मात्र ऑटोफॅजी वाढवून पार्किन्सन्स थांबवणारं, माणसासाठी मंजूर झालेलं औषध आजतरी नाही.

हे मी इतकं ताणून लिहितोय त्याला कारण आहे. गेल्या वर्षी आजोबांना कुणीतरी मोबाइलवर एक मेसेज पाठवला : उपवासाला नोबेल मिळालं, एकादशी करा, मेंदू साफ होतो. आजोबांनी एकादशी धरली आणि सोडलीच नाही. औषध जेवणानंतर घ्यायचं असं त्यांच्या डोक्यात, जेवण नाही म्हणून गोळ्याही नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीपाशी पडले. अंग लाकडासारखं ताठ, तोंडातून शब्द फुटेना. मी सबमिशन सोडून पहिल्या एसटीने गेलो. डॉक्टर आजोबांना नाही, आम्हालाच रागावले. डोपामाइनची गोळी अशी अचानक बंद करणं फार धोक्याचं असतं, आणि चक्कर येण्याची तक्रार या आजारात आधीच असते.

नोबेल उपवासाला नव्हतं. ओसुमींनी उपाशी ठेवलं ते यीस्टला. उंदरांना ४८ तास उपाशी ठेवून २००४ मध्ये पाहिलं तेव्हा बहुतेक अवयवांत ऑटोफॅजी वाढली, मेंदूत मात्र वाढ दिसली नाही. २०१० च्या दुसऱ्या एका प्रयोगात मेंदूच्या काही पेशींत दिसली. एवढ्यावरून सिन्नरच्या म्हाताऱ्या माणसाचं जेवण बंद करायचं? मी आजोबांना हे सगळं घंटागाडीवरून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग माझ्याकडे काय बिघडलंय, गाडी की डेपो?" मला सांगता आलं नाही. तपासून सांगेल अशी सोय दवाखान्यात अजून नाही.

आता त्यांच्या गोळ्यांच्या वेळा मी ड्रॉइंग शीटवर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावल्यात. माझ्या जुन्या जर्नलच्या कोऱ्या पानांवर ते रोज हिशेब लिहितात. आखलेल्या दोन रेघांमध्ये लिहिलं तर अक्षर जरा मोठं राहतं, ही युक्ती डॉक्टरांनीच सांगितली.

कुणाच्या घरी असा पेशंट असेल तर पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे आणि मुंबईची पार्किन्सन्स सोसायटी २००१ पासून काम करते, तिथे चौकशी करा. आणि घरच्या मोबाइलवर तो एकादशीचा मेसेज आला असेल तर आधी घरी फोन लावा. मी बी विंगला, तिसऱ्या मजल्यावर. बोलायचं असेल तर रात्री मेसनंतर या.