आठाची परीक्षा

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांना मोटारसायकल चालवता येते? मी वर्गात हा प्रश्न विचारतो तेव्हा निम्म्याहून अधिक हात वर जातात. मग मी दुसरा प्रश्न विचारतो, "परवाना किती जणांकडे आहे?" सारे हात खाली येतात आणि हशा पिकतो. मीही हसतो, पण तीन वर्षांपूर्वी याच वर्गात भिंतीला टेकवून ठेवलेल्या दोन कुबड्या मला आठवतात.

परवाना हा शब्द तुम्हांला नवीन नाही. उर्दूत त्याचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे लेखी परवानगी आणि दुसरा म्हणजे दिव्यावर झेप घेणारा पतंग. मराठीने त्यांतला पहिला अर्थ तेवढा घेतला. आपली मुले मात्र रस्त्यावर कधीकधी दुसरा अर्थ खरा करून दाखवतात.

तो मुलगा नववीत होता. त्याचे अब्बा कळमना बाजारात हमालीचे काम करतात. संत्र्यांचा हंगाम होता. अशा दिवसांत बाजाराच्या रस्त्यावर ट्रकांची कशी रांग लागते, हे तुम्ही पाहिलेच आहे. अब्बांचा डबा पोहोचवायला मुलगा घरची मोटारसायकल घेऊन निघाला. हेल्मेट त्याने हँडलला अडकवले होते. पुढे एक लांब ट्रक होता. ट्रक थोडा उजवीकडे सरकला आणि डावीकडे जागा मोकळी झाली. मुलाला वाटले, आपल्यासाठीच वाट दिली आहे. तो त्या जागेत शिरला आणि त्याच क्षणी ट्रक डावीकडे वळला.

लांब वाहन असेच वळते, बरे का. डावीकडे वळण्यासाठी ते आधी उजवीकडे जागा घेते. शिवाय वळताना त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत. ती आतून, कडेला घासून जातात. मुलाने गाडी सोडून उडी मारली म्हणून जीव वाचला. गाडीचा चुराडा झाला आणि त्याच्या पायाचे हाड दोन ठिकाणी मोडले. मी भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "सर, मला वाटले, ड्रायव्हरने मला पाहिले आहे." ड्रायव्हरने त्याला पाहिलेच नव्हते. ट्रकच्या डाव्या बाजूचा बराच भाग ड्रायव्हरला दिसत नाही. त्याच्या आरशात तुम्हांला त्याचा चेहरा दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही, असे समजा आणि मागे राहा.

आता परवान्याकडे वळू. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. गिअरची मोटारसायकल चालवायला वयाची १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. "सर, सोळाव्या वर्षीही परवाना मिळतो ना?" असे कोणीतरी हमखास विचारतो. मिळतो, पण तो ५० सी.सी. पर्यंतच्या गाडीसाठी. तुमच्या आपांची स्कूटर त्याहून बरीच मोठी असते.

प्रथम शिकाऊ परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी वाहतुकीची चिन्हे आणि नियम यांवर प्रश्न विचारतात. हा परवाना सहा महिने चालतो. या काळात गाडीवर 'एल' अक्षराची पाटी लावायची आणि शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही मागे बसवायचे नाही. तीस दिवस झाल्यावर पक्क्या परवान्यासाठी प्रत्यक्ष चाचणी देता येते.

या चाचणीत इंग्रजी आठाच्या आकड्यासारख्या वळणावर गाडी चालवून दाखवावी लागते. मी बी.एड. करीत असताना ही चाचणी दिली आणि नापास झालो! तोवर चार वर्षे मी मामूंची गाडी बिनधास्त चालवत होतो. (ते चूकच होते, हे आधीच कबूल करतो.) पहिले वळण घेतले, दुसऱ्या वळणावर तोल गेला आणि पाय जमिनीला टेकला. निरीक्षकांनी हात हलवून मला बाजूला बोलावले. घरी मामू म्हणाले, "बेटा, जोरात तर उतारावरून दगडही जातो. हळू चालवून दाखव."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मैदानात विटांचे तुकडे मांडून आठ तयार केला. तेव्हा मला कळले की माझी नजर पुढच्या चाकावर खिळलेली असे. नजर जिकडे, गाडी तिकडे. म्हणून वळताना मान फिरवून वळणाच्या पुढच्या टोकाकडे पाहावे. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, क्लच अर्धा दाबलेला असावा, गुडघे टाकीला टेकवावेत आणि वेग कमी करायचा तर मागचा ब्रेक हलकेच दाबावा. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक जोरात दाबला तर गाडी आडवी झालीच म्हणून समजा. सरळ रस्त्यावर मात्र दोन्ही ब्रेक एकत्र लावावेत, कारण गाडी थांबवण्याचे अधिक काम पुढचाच ब्रेक करतो.

हळू का, याचा हिशोब तुम्हीच करा. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. समोर काही आले तर ते पाहून हात ब्रेकवर जाईपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी आपल्या वर्गाच्या लांबीहून अधिक पुढे गेलेली असते. वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. त्यातच बाजाराच्या रस्त्यावर संत्र्यांच्या साली आणि पालेभाज्यांचा चिखल असतो. तेथे हा हिशोबही चुकतो.

हेल्मेट चालवणाऱ्याने घालावे, तसेच मागे बसणाऱ्यानेही. त्यावर आय.एस.आय. चिन्ह असावे आणि हनुवटीखालचा पट्टा बांधलेला असावा. पट्टा न बांधलेले हेल्मेट धक्का बसताच डोक्यावरून उडून जाते.

कायद्याची एक गोष्ट राहिली. २०१९ साली कायद्यात कलम १९९ अ आले. त्यानुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही, शिकाऊसुद्धा नाही.

आमच्या त्या विद्यार्थ्याला हे कलम लागले. त्याच्या सोबत्यांनी यंदा शिकाऊ परवाने काढले. सुट्टीच्या दिवशी ते शाळेच्या मैदानात सरावाला येतात, तेव्हा चुन्याने आठ आखण्याचे काम तोच करतो. किंचित लंगडत, पण रेषा अगदी नीट ओढतो. मग अकरा वाजले की सायकलच्या हँडलला डबा अडकवून अब्बांकडे बाजारात जातो.