पोफळीचे वय कसे मोजावे?
(परिसर अभ्यास – इयत्ता ७ वी)



गेल्या वर्षी सहावीत असताना गुरुजींनी विचारले, "रोज पाहता, पण जिची पुरी माहिती नाही, अशी गावातली एक वस्तू सांगा." कोणी होडी सांगितली, कोणी खाडी. मी पोफळ सांगितली. सगळे हसले. पोफळ कोणाला ठाऊक नाही? गुरुजी म्हणाले, "मग सांग, तुझ्या दारातल्या पोफळीचे वय किती?" मला काही सांगता येईना. म्हणून मी हा अभ्यास केला.

आमचे गाव कोठे आहे?

सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते. पोलादपूर, महाड या बाजूने वाहत येऊन ती हरिहरेश्वराजवळ समुद्राला मिळते. मुखाजवळ तिला बाणकोटची खाडी म्हणतात. खाडीच्या दक्षिणेस रत्नागिरी जिल्हा व उत्तरेस आपला रायगड जिल्हा. बागमांडल्याहून फेरीबोट पलीकडे वेसवीला जाते, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. आमचे लहानसे गाव ह्याच काठावर, श्रीवर्धन तालुक्यात आहे. मागे डोंगर, पुढे खाडी आणि मधल्या पट्टीत घरे व वाड्या.

आपल्याकडे वाडी म्हणजे नारळ-पोफळीची बाग. विहिरीचे पाणी पाटाने प्रत्येक आळ्यात सोडतात. त्याला वाडी शिंपणे म्हणतात. पूर्वी रहाट होता, आता पंप आहे. पण चैत्र-वैशाखात पंप फार वेळ चालवला तर विहिरीचे पाणी मचूळ लागते, कारण खाडीचे खारे पाणी जमिनीतून आत सरकते. म्हणून आजोबा सकाळी थोडा वेळच पंप लावतात. पोफळीला बारमाही ओल हवी आणि तीही गोड्या पाण्याची.

झाडाला पोफळ व फळाला सुपारी म्हणतात. श्रीवर्धनची रोठा सुपारी बाजारात नावाजलेली आहे. पिकलेली नारिंगी सुपारी अंगणात सुमारे दीड महिना उन्हात वाळवून मग सोलतात. तिच्यावर आमच्या घराची चूल चालते. तरी सुपारी खाल्ल्याने तोंडाचा कर्करोग होऊ शकतो, म्हणून आम्ही मुलांनी ती खायची नाही. ती पूजेला लागते, तेवढे पुरे.

वय कसे मोजले?

आंब्याचे खोड दरवर्षी जाड होते, पोफळीचे तसे होत नाही. ती नुसती उंच जाते. झावळी गळून पडली की खोडावर एक वलय राहते. म्हणजे जितकी वलये तितक्या झावळ्या गळाल्या.

मग वर्षाला झावळ्या किती गळतात? मी २६ जानेवारीला एका पोफळीला चुन्याची खूण केली. झावळी पडली की वहीत तारीख लिहायची. पुढच्या २६ जानेवारीपर्यंत ६ झावळ्या पडल्या.

आमच्या वहाळावर पोफळीच्या खोडांचा साकव आहे. त्यातल्या एका खोडावर मी बोट ठेवून वलये मोजली. २०४ भरली.

२०४ ÷ ६ = ३४ वर्षे.

परंतु रोप लावल्यावर पहिली काही वर्षे खोड दिसतच नाही. ती सुमारे ४ वर्षे धरली, तर वय ३८ होते. मी आजोबांना उत्तर सांगितले. ते म्हणाले, "बरोबर हाय. तुझ्या बाबाचा जन्म झाला त्या पावसात लावली होती, १९८२ ला. आणि पडली २०२० ला." वजाबाकी केली. ३८ च आली!

३ जून २०२०

त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन तालुक्याच्या किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. मी तेव्हा दुसरीत जाणार होतो. टाळेबंदीमुळे बाबा मुंबईत अडकले होते. आजी, आई आणि मी माजघरात बसलो होतो. कौले उडत होती. बाहेर काडकाड आवाज येत होता. आजोबा दाराशी उभे राहून प्रत्येक आवाजाला बोट मोडत होते. मला वाटले, ते घाबरले आहेत. खरे म्हणजे ते झाडे मोजत होते.

आमची वाडी १२ गुंठ्यांची. पोफळी ९ फुटांवर लावल्या तर एका गुंठ्यात सुमारे १३ बसतात. आमच्याकडे एकूण १५६ होत्या. त्यांतल्या ९८ त्या दुपारी गेल्या.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. आंब्याची फांदी मोडली तर दुसरी फुटते. पोफळीला शेंड्यात एकच कोंब असतो. शेंडा मोडला की झाड संपले. त्याला पुन्हा पालवी येत नाही.

उरलेल्या ५८ वाचल्या, असे आम्हांला वाटले. आजोबा म्हणाले, "उभी हाय म्हणून वाचली असं नाय." तसेच झाले. पोफळी एकमेकींच्या सावलीत वाढतात. शेजारीण गेल्यावर पश्चिमेचे ऊन उघड्या खोडावर पडते, खोड भाजून तडकते. आजोबांनी खोडांना झावळ्या बांधल्या, तरी पुढच्या दोन वर्षांत ११ मेल्या. आता ४७ उरल्या आहेत. सुपाऱ्या पाडणारे काका पूर्वी एका पोफळीवरून झोका घेऊन दुसरीवर जात. आता अंतर पडल्यामुळे त्यांना दरवेळी खाली उतरून पुन्हा चढावे लागते.

आजोबांनी काय केले?

बाबा फोनवर म्हणाले, "आता जागा विकून टाकू. नवीन झाडं लावून सुपारी कधी मिळणार?" आजोबा काहीच बोलले नाहीत. त्या वर्षीच्या पिकातून त्यांनी जुन्या, भरघोस पोफळींच्या पिकलेल्या सुपाऱ्या निवडून वाफ्यात पेरल्या. रिकाम्या जागेत आधी केळी लावल्या, कारण पोफळीच्या रोपाला लहानपणी सावली लागते. दीड वर्षाची ९० रोपे २०२२ च्या पावसाळ्यात केळींच्या आडोशाने लावली.

पोफळ लावल्यावर सुमारे ५ ते ७ वर्षांनी धरते. म्हणजे पहिली सुपारी २०२७ ते २०२९ मध्ये येईल. आजोबा आज ७४ वर्षांचे आहेत. मी विचारले, "आजोबा, तुम्ही एवढी मेहनत कोणासाठी करता?" ते म्हणाले, "मी लहानपणी ज्या पोफळीखाली खेळलो, ती मी कुठं लावली होती?"

बाबा आले तेव्हा मी त्यांना साकवावर नेऊन माझा हिशेब दाखवला. हे झाड तुमच्याच वयाचे, असे सांगितले. ते उकिडवे बसले आणि त्यांनी स्वतः वलये मोजली. त्यांची १९९ भरली. मी म्हटले, "बुंध्याकडची पुसट आहेत, ती तुम्ही सोडलीत." त्यांनी पुन्हा मोजली. जागा विकण्याचे ते त्या वेळी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळ घेऊन त्यांनी १७ रोपांची आळी साफ केली. पुढे काय ठरेल, हे मला माहीत नाही. पण १७ आळी मी मोजली आहेत.

करून पाहा

१. तुमच्या वाडीतील एका पोफळीला चुन्याची खूण करा व वर्षभर गळणाऱ्या झावळ्यांची नोंद ठेवा.
२. एका पोफळीवर १५० वलये आहेत. वर्षाला ६ झावळ्या गळत असतील, तर तिचे वय अंदाजे किती? (पहिली ४ वर्षे विसरू नका.)
३. घरातील वडील माणसांना विचारा, "आपल्या वाडीतील सर्वांत जुने झाड कोणी लावले?"

पालकांना विनंती: शाळेच्या हातपंपाचे पाणी वाहून जाते तेथे केळी आहेत. त्यांच्या आडोशाला लावण्यासाठी आजोबांनी ५ रोपे देण्याचे कबूल केले आहे. आम्ही सातवीची मुले यंदा शाळा सोडून जाऊ. त्यांना पाणी घालण्याचे काम पहिलीच्या मुलांकडे द्यावे. ती सातवीत जातील तेव्हा पोफळी धरण्याच्या बेतात असतील.